तक्रार कोण करील?

ठमीची उत्तरपत्रिका नवव्या दिवशी सापडली, आणि सापडल्यावर सगळ्यांत आधी हायसं वाटलं ते ठमीलाच. इतके दिवस ती बाबांच्या गुडघ्याएवढ्या रबरी बुटात होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं तरच ते बूट बाहेर निघत, एरवी महिनोन्महिने त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. जागा तशी विचार करून निवडलेली होती. पण मंगळवारी सकाळी कुठल्याशा इमारतीतली टाकी फुटली, बाबांना फोन आला, त्यांनी घाईघाईने उजवा पाय बुटात घातला आणि तो अर्ध्यावर अडला.

त्यांनी आत हात घालून कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि वाचला. उच्च संख्याशास्त्र, सराव परीक्षा, शंभरपैकी बत्तीस. मागची बाजूही वाचली. मग तो आईच्या हातात दिला, बूट चढवला आणि दारातून म्हणाले, "आल्यावर बोलू." त्यांच्या तोंडून हे वाक्य घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आल्यावर जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढाच त्यांचा शिरस्ता होता.

आई चिडली नाही, म्हणून ठमी जास्त घाबरली. आईने चष्मा पुसला, पत्रिका पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली आणि विचारलं, की यातलं नेमकं काय येत नाही. ठमी खरं तेच बोलली. काय येत नाही ते कळण्याइतकंही तिला येत नव्हतं.

ठमी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आकडेमोडीत ती कच्ची नव्हती. उलट वर्गात सगळ्यांच्या आधी तिचं उत्तर निघायचं. पण ते उत्तर कशाचं, हे विचारलं की ती गप्प. वर्गातले सर उजव्या हाताने फळ्यावर लिहीत आणि डाव्या हातातलं डस्टर त्यांच्या मागोमाग धावे, त्यामुळे मुलं त्यांना सुपरफास्ट म्हणत. मधल्या स्टेशनांवर थांबायची सरांची पद्धत नव्हती. ठमी कधीतरी ऑक्टोबरात फलाटावर राहून गेली होती आणि गाडी दिसेनाशी झाली तरी हात हलवत होती.

एरवी बत्तीस गुणांचं एवढं कोणी मनावर घेतलं नसतं. पण तंत्र महाविद्यालयाने पाणी तपासणीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती, आणि त्या पत्रात एकच अट होती: उच्च संख्याशास्त्राच्या अंतिम परीक्षेत किमान साठ. शाळेच्या सहलीत ठमीने ती प्रयोगशाळा पाहिली होती. पांढऱ्या टेबलावर वीस बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि एक बाई तेवढ्यावरून अख्ख्या शहराचं पाणी कसं आहे ते सांगत होती. ठमीला आयुष्यात इतकं नेमकं काही हवंसं वाटलं नव्हतं. परीक्षेला अकरा आठवडे होते.

शिकवणीचा शोध सुरू झाला. पहिल्या बाईंकडे परीक्षेपर्यंत एकही तास रिकामा नव्हता. त्यांनी ठमीचं नाव सातव्या क्रमांकावर लिहून घेतलं आणि वरचे सहा गळाले तर कळवते म्हणाल्या. दुसरा एक कॉलेजातला हुशार तरुण घरी आला, तासभर बसला, आणि त्या तासात स्वतःला कुठकुठली पारितोषिकं मिळाली ते त्याने उदाहरणांसहित समजावलं. तिसरा फोनच्या पडद्यावर शिकवायचा. तो बरा होता, पण प्रश्न विचारला की म्हणायचा, हे सोपं आहे. सोपं आहे म्हटलं की ठमी वही मिटायची.

अशी दोन आठवड्यांची नासाडी झाल्यावर बाबा जेवताजेवता ताटाकडे बघत म्हणाले, "ताईला विचारू का?"

आईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

ताई म्हणजे बाबांची थोरली बहीण, ठमीची आत्या. धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं वजनखात्यात होती. दर अर्ध्या तासाला सरकत्या पट्ट्यावरून पंचवीस पुडे उचलायचे, तोलायचे, सरासरी काढायची आणि माल पुढे जाऊ द्यायचा की पट्टा थांबवायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. शाळा संपल्यावर ती थेट कामाला लागली होती. जे काही संख्याशास्त्र शिकली ते कारखान्याने पाठवलेल्या दोन वर्गांत आणि पुढे पट्ट्याशेजारी उभं राहून. गेल्या वर्षी निवृत्त झाली तरी तोलायची खोड गेली नव्हती. आई लग्न होऊन आली तेव्हा डबे भरताना आत्याने शेजारी उभं राहून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, हात सैल आहे गं तुझा. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून आई तिला एरवी ताई म्हणे, आणि राग आला की वन्सं.

"वन्संना वेळ असेल तर विचारा," आई म्हणाली.

आत्याचं घर दोन बसथांबे पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या शनिवारी ठमी पुस्तक, वही, कॅल्क्युलेटर आणि बत्तीसवाली पत्रिका घेऊन गेली. आत्याने पत्रिका उलटसुलट केली आणि बाजूला सारली. पुस्तक उघडलंच नाही. बटणांनी भरलेला एक पत्र्याचा डबा तिने टेबलावर ठेवला, शेजारी छोटा तोलकाटा. न बघता दहा बटणं काढायची, एकेक तोलायचं, सरासरी लिहायची, बटणं परत टाकून डबा हलवायचा, पुन्हा दहा काढायची. हे वीस वेळा करायचं होतं.

ठमीने विचारलं, की यातून कोणता धडा होणार. आत्या म्हणाली, आधी कर, मग तोंड चालव.

एकेक बटण कसंही निघायचं. कोटाचं जाडजूड, सदऱ्याचं पिटुकलं, एक तर पितळेचं. पण दहा-दहांच्या सरासऱ्या मात्र एकमेकींपासून फार लांब जात नव्हत्या. तेराव्या खेपेला ठमीचा हात थांबला. वहीतल्या सरासऱ्यांवरून तिने बोट फिरवलं. बटणांची गर्दी वेगळी आणि सरासऱ्यांची गर्दी वेगळी. दुसरी बरीच दाटीवाटीची. वर्गात सुपरफास्ट सर नमुन्यातल्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे ते याचसाठी. ते का भागायचं हे पाच महिने तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि आता बटणांनी ते काही न बोलता सांगितलं होतं.

"हसतेस काय?" आत्या म्हणाली. "अजून सात खेपा राहिल्यात."

ठमी त्या दिवशी बसने न जाता पायी घरी आली. घरात शिरताना ती काहीतरी गुणगुणत होती, आणि आईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढचे शनिवार-रविवार असेच गेले. आत्याची शिकवण्याची रीत एकच होती: प्रत्येक गणिताचा पट्टा करायचा. आता पट्टा थांबवायचा की नाही? उगीच थांबवला तर फोरमन अंगावर येणार. थांबवायला हवा होता आणि थांबवला नाही तर हलके पुडे दुकानात जाणार. पुस्तकात याला पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक म्हणत, आणि ठमी नेहमी त्यांची अदलाबदल करायची. पण फोरमन कधी ओरडेल आणि गिऱ्हाईक कधी ओरडेल यात कोण गोंधळेल? उत्तराखाली 'माल चांगला आहे' असं लिहिलं की आत्या ते लाल पेन्सिलीने खोडायची. सव्वीस वर्षांत मी एकदाही माल चांगला आहे असं लिहिलं नाही, ती सांगायची. पंचवीस पुडे बघून हजारांची हमी द्यायला मी काय पुड्यांत शिरून आले होते? 'थांबवण्याइतकं कारण सापडलं नाही', एवढंच लिहायचं.

घरी ठमी आत्याच्याच सुरात बोलायला लागली. बाबांनी एकदा लिफ्ट ठीक झाली म्हटल्यावर ती म्हणाली, की बिघाडाचं पुरेसं कारण सापडलं नाही असं म्हणा. बाबा म्हणाले, असं म्हटलं तर कोणी आत पाय ठेवणार नाही.

दुसरी सराव परीक्षा अंतिम परीक्षेच्या तीन आठवडे आधी झाली. या वेळी ठमी पेपर लिहून बाहेर आली ती नाचायचीच बाकी होती. परिकल्पना तपासण्याच्या तीन प्रश्नांत तर तिला हसूच येत होतं, इतके ते पट्ट्यासारखे होते.

पत्रिका हातात आली. चौपन्न. बत्तिसावरून चौपन्न म्हणजे वाईट नव्हे. पण जे तीन प्रश्न तिने हसत सोडवले होते, नेमकी त्यांतल्या दोहोंवर काट होती. दोन्हींच्या शेजारी सरांनी एकच शब्द लिहिला होता: बाजू?

पहिला प्रश्न सळयांचा होता. यंत्र सरासरी बारा सेंटिमीटरच्या सळया कापतं. छत्तीस सळयांची सरासरी थोडी कमी भरली. यंत्राची मांडणी बिघडली आहे का? ठरलेल्या मापापासून नमुना किती ढळला ते सांगणारा ठमीचा आकडा उणे एक पूर्णांक आठ आला होता, आणि तो बरोबर होता. आत्याच्या कारखान्यातली हद्द होती उणे एक पूर्णांक चौसष्ट. त्याच्या खाली गेलं की पट्टा बंद. म्हणून ठमीने बिघडली असं लिहिलं. दुसऱ्या प्रश्नात उत्तर अधिक दोन पूर्णांक तीन आलं होतं. वर गेलंय, म्हणजे काळजी नाही, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं. तिसरा प्रश्न पिठाच्या पिशव्या कमी भरतात का असा होता. तेवढा बरोबर.

मधल्या सुट्टीत तिने पुस्तकातलं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. बिघाड दोन्हीकडे होऊ शकत असेल तर शंभरातून पाच वेळा उगीच थांबवण्याची जी मुभा असते ती दोन टोकांत अडीच-अडीच वाटायची, आणि मग हद्द एक पूर्णांक शहाण्णववर जाते, उणेही आणि अधिकही. उणे एक पूर्णांक आठ त्या हद्दीच्या आतच राहतं. अधिक दोन पूर्णांक तीन बाहेर पडतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिने अगदी उलटी लिहिली होती, आणि तिला ते आत्याने शिकवलं होतं.

आत्याला हे सांगायचं कसं? सव्वीस वर्षं. ठमी शाळेतून घरी न जाता आईच्या दुकानात गेली.

आई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासत असे. खोली लांबट, खिडकीशी दोन यंत्रं, भिंगांवर सतत पडणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. तयार झालेलं भिंग आई नंबर मोजायच्या यंत्रात धरी, डोळा लावी आणि डावीकडच्या पांढऱ्या किंवा उजवीकडच्या लाल ट्रेमध्ये ठेवी. ठमी स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आत्याचं चुकलंय, ती म्हणाली, आणि तीन आठवडे उरलेत, आणि आता आत्याचं काय काय खरं मानायचं तेच मला कळत नाही.

वीस वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती समोर येऊन उभी राहिल्यावर आई काय म्हणेल, याचा ठमीला अंदाज होता. पण आई म्हणाली, "मला तो सळयांचा प्रश्न वाचून दाखव."

ठमीने वाचला. आईने हातातलं भिंग यंत्रात धरलं, पाहिलं आणि लाल ट्रेमध्ये टाकलं.

"हे का टाकलं?" ठमीने विचारलं.

"नंबर जास्त झाला."

"आणि त्याच्या आधीचं?"

"कमी झाला होता." आईने हात पुसले. "कमी झाला तरी माणसाचं डोकं दुखतं, जास्त झाला तरी दुखतं. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी तक्रार येते गं. ताईंच्या पुड्यात पावडर जास्त गेली म्हणून कारखान्यात भांडायला आलेलं गिऱ्हाईक तू ऐकलंयस कधी?"

ठमी स्टुलावर तशीच बसून राहिली. आत्याचं संख्याशास्त्र चुकीचं नव्हतं. ते पुड्यांचं होतं. सव्वीस वर्षं तिला एकाच गोष्टीची भीती होती, हलक्या पुड्याची, आणि तिची हद्द त्या भीतीनेच ठरवलेली होती. जास्तीचं दुखणं भरणीखात्याचं, तिच्या टेबलापर्यंत ते यायचंच नाही. आईने शाळेत गणित आठवीपुरतंच केलं होतं, पण सळया पुड्यांसारख्या नसून भिंगांसारख्या आहेत हे तिला ऐकताक्षणी कळलं होतं.

शनिवारी आई म्हणाली, मीही येते. ठमीला वाटलं, आता उट्टं निघणार. बसमध्ये ती मनातल्या मनात दोघींमध्ये उभी राहण्याची तयारी करत होती.

आत्याने दार उघडलं, आईला पाहून भुवई उंचावली आणि तिसरा कप काढला. ठमीने पत्रिका पुढे केली. आत्या चौपन्न पाहून खूश झाली, पान उलटलं, आणि ते दोन प्रश्न तिने नीट वाचले. एकदा वाचले, चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचले. चहा उतू गेला आणि तोही कोणी पुसला नाही.

"हे मी शिकवलं," आत्या शेवटी म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

ठमीने पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. आत्याने ते वाचलं, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने पुस्तक मिटलं, ठमीकडे सरकवलं आणि म्हणाली, की आता नीट शिकलेला कोणीतरी बघा. हिला सातवा नंबर दिलेली ती बाई आहे ना, तिला फोन करा. पोरीचं वर्ष माझ्या हातून जायला नको.

तेव्हा आईने आपली पिशवी उघडली आणि लाल ट्रेमधली, कागदात गुंडाळलेली दोन भिंगं टेबलावर ठेवली. एक कमी नंबरचं, एक जास्त. मग तिने आत्याला सांगितलं, दुकानात ठमीला सांगितलं होतं तसंच, पुडे आणि भिंगं. सांगताना आई आत्याकडे न बघता भिंगांकडे बघत होती. आत्याने दोन्ही भिंगं उचलून एकेक डोळ्यासमोर धरली आणि तोंड वाकडं केलं. दोन्हींतून खिडकी सारखीच अंधूक दिसत होती.

"सव्वीस वर्षं मी एकाच बाजूला बघत बसले," ती म्हणाली.

"तुमचं काम तेवढंच होतं ना, ताई," आई म्हणाली. "तिथे कधी चुकलात का?"

"नाही."

"मग झालं तर. आता नुसतं हिला विचारायला शिकवा, की तक्रार कोण करील."

आत्या उठली, उतू गेलेला चहा पुसला, राहिलेला तीन कपांत ओतला. तिचा हात मोजून मापून चालत होता, पण आईच्या कपात थोडा जास्त पडला आणि तिने तो काढून घेतला नाही. मग ती लाल पेन्सिल घेऊन बसली. जुन्या सगळ्या प्रश्नपत्रिका काढ, ती ठमीला म्हणाली. आज एकही गणित सोडवायचं नाही. आकड्यांवर कागद झाक. प्रश्न वाचायचा आणि खाली एकच ओळ लिहायची: तक्रार कोण करील?

त्या दुपारी त्यांनी त्रेचाळीस प्रश्न केले. दिव्यांची कंपनी म्हणते दिवे किमान हजार तास चालतात: जास्त चालले तर कोण रडेल? कमी चालले तरच, एक बाजू. औषधाच्या गोळीतला घटक ठरलेल्या मापाचा आहे का: कमी असेल तर आजारी माणूस, जास्त असेल तरी तोच, आणि शिवाय डॉक्टर, दोन बाजू. बस वेळापत्रकाप्रमाणे येते का, यावर आत्या आणि आईचं जुंपलं. आत्याचं म्हणणं, बस लवकर आली तर चांगलंच. आई म्हणाली, बस लवकर निघून गेली की मी थांब्यावर उभी राहते ते तुम्हांला काय ठाऊक, तुम्ही कारखान्याच्या गाडीने जायचात. आत्याने विचार केला आणि दोन बाजू असं लिहायला सांगितलं. ठमी पहिल्या दहांत चार चुकली, शेवटच्या दहांत एकही नाही. निघताना आत्या आईला म्हणाली, की पुढच्या शनिवारीही ये. हिला एकटीला मी पुड्यांतच बसवीन.

पुढचे दोन शनिवार आई गेली. शनिवारी तिला अर्धाच दिवस काम असे, उरलेला अर्धा ती आत्याकडे घालवू लागली. बाबांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, फक्त संध्याकाळी स्वतः डाळ-तांदूळ शिजत ठेवले आणि दोन्ही शनिवारी तळाला लावले.

परीक्षा एका मोठ्या सभागृहात होती. दीडशे टेबलं, प्रत्येकावर चिकटवलेला क्रमांक, आणि भिंतीवर असं घड्याळ की ज्याचा काटा हलताना ऐकू यायचा. ठमीने पहिले सहा प्रश्न सरळ सोडवले. सातवा थर्मामीटरचा होता. कारखान्यातल्या चौसष्ट थर्मामीटरांची सरासरी चूक किती ते दिलं होतं, आणि विचारलं होतं की ही थर्मामीटरं चुकीचं तापमान दाखवतात का. तिने समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं: कमी दाखवलं तर तापाचा माणूस, जास्त दाखवलं तर उगीच घाबरलेली आई. दोन बाजू. उत्तर एक पूर्णांक आठच्या आसपास आलं. तीन आठवड्यांपूर्वीचं तेच ते निसरडं उत्तर, फक्त अधिक चिन्हाचं. तिने हद्द एक पूर्णांक शहाण्णव घेतली आणि शेवटची ओळ लिहिली: थर्मामीटरं चुकीची आहेत असं म्हणण्याइतका पुरावा या नमुन्यात नाही.

नवव्या प्रश्नाने मात्र तिला घाम फोडला. रस्त्यावर नवा थर घातला. त्यानंतर गाड्यांचा आवाज कमी झाला का? उत्तर उणे एक पूर्णांक पंचाहत्तर. दोन बाजू धरल्या तर काही सिद्ध होत नव्हतं; एक धरली तर आवाज कमी झाला होता. तीन आठवडे दोन बाजूंची इतकी धास्ती बसली होती की तिच्या पेनाने शहाण्णवातला नऊ लिहूनही टाकला. मग ती थांबली. रस्त्याकडेच्या घरात राहणारा माणूस तिने डोळ्यांसमोर आणला. आवाज कमी झाला नाही तर तो तक्रार करील. अपेक्षेपेक्षा जास्तच कमी झाला तर? तो खिडकी उघडून झोपेल. तिने नऊ खोडला आणि एक पूर्णांक चौसष्ट लिहिलं.

बाहेर आल्यावर सगळे उत्तरं ताडून बघत होते. ठमी त्यांच्यात थांबली नाही. घरी जाऊन ती कपडे न बदलता पलंगावर पडली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत झोपली. आईने दोनदा दारातून पाहिलं आणि हाक न मारता परत गेली.

निकाल पाच आठवड्यांनी शाळेच्या जिन्याजवळच्या फळ्यावर लागला. उच्च संख्याशास्त्र, एकाहत्तर. ठमीने क्रमांक तीनदा पडताळला, बोट ओळीवरून सरकवत, मग खालच्या पायरीवर बसली. तिचे पाय दुखत होते, जणू ती कुठून तरी चालत आली होती. सुपरफास्ट सर जिना चढताना तिच्यापाशी थांबले. सर कुठेतरी थांबतात हे ती पहिल्यांदाच पाहत होती. दोन्ही बाजूंचे प्रश्न बरोबर आले म्हणे, ते म्हणाले, कोणाकडे जात होतीस?

"आत्याकडे," ठमी म्हणाली. "आणि आईकडे."

तिने आईला फोन केला. एकाहत्तर म्हणून सांगितलं. मागचं पाण्याचं यंत्र बंद झाल्याचं तेवढं ऐकू आलं. बाबा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये होते. थांब, वर येऊन बोलतो म्हणाले, आणि वर आल्यावर त्यांना फक्त बरं, बरं, बरं एवढंच म्हणता आलं. आत्याने विचारलं, एकोणतीस कुठे गेले. मग लगेच म्हणाली, की जाऊ दे, नंतर बघू, आज काय ते खा.

गुरुवारी आईने अर्धी रजा टाकली आणि दोघी तंत्र महाविद्यालयात गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने निकालपत्र पाहिलं, ठमीचं पत्र कपाटातून काढलं, पट्टी ठेवून अटीची ओळ एका सरळ रेघेने खोडली, बाजूला सही केली आणि पत्र पुढे सरकवलं. वर्ग पहिल्या सोमवारी, पांढरा कोट स्वतःचा आणायचा, तो म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली. सगळं चार मिनिटांत झालं.

आईने पत्र हातात घेऊन बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत आणलं. तिथे तिने चष्मा काढला, पुसला, लावला, आणि ती खोडलेली ओळ वाचली. रेघेखालून अक्षरं अजून दिसत होती.

"जरा बसू या गं," ती म्हणाली.

दोघी पायरीवर बसल्या. ऊन मऊ होतं. समोर त्यांची बस आली, दार उघडून थोडी थांबली. कोणी उठलं नाही, आणि बस निघून गेली.